दार म्हणालं, "लवकर आलात!"

१

थांबा, थांबा, मी सांगते! ज्याने कोणी पेपरात शेवट वाचला असेल त्याने गुपचूप बसायचं. पेपरात दाराबद्दल एक अक्षर नाहीये, आणि खरी गंमत दारातच आहे.

तर माझी आत्या. तुम्हाला माहितीये, ती यांत्रिक खेळण्यांच्या संग्रहालयात दुरुस्तीचं काम करते. चावी दिली की नाचणारी अस्वलं, ढोल वाजवणारी माकडं, असलं सगळं. तिथे मागच्या बाजूला तिची खोली आहे. खिडकीला गज, लांबलचक टेबल, त्यावर चिमटे, पिसं, नखाएवढे स्क्रू आणि मधोमध एक लाकडी बैठक. त्या सकाळी आत्या आणि संचालक साहेब दोघांनी मिळून खोली उघडली, आणि बैठक रिकामी!

चिमणी गेली होती. पितळेची, मुठीत मावेल एवढी. कित्येक वर्षं मुकी होती बिचारी. आत्याने आतल्या चाकांचा एकेक दात घासून, एकेक पीस चिकटवून तिला गाती केली होती. आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता, भरल्या सभागृहात, आत्या तिला सगळ्यांसमोर चावी देणार होती. म्हणजे बघा, ऐन मांडवात नवरीच गायब!

साहेबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, काल दुपारी तुम्ही स्वतः खोली बंद करून घरी गेलात. चिमणी तेव्हा होती, हे तुम्हीच सांगताय. रात्री शटर आणि अलार्म असतो, म्हणजे जे झालं ते काल दुपारीच. त्या दाराची कायमची कार्डं दोनच, तुमचं आणि गेटवरच्या मामांचं. मामा काल दुपारभर सभागृहात माझ्या डोळ्यांसमोर खुर्च्या मांडत होते. मग उरलं कोण?"

आत्या म्हणाली, "माझी दाढ दुखत होती. मी घरी झोपले होते."

"कोणी पाहिलं?"

कोणीच नाही. ताई ऑफिसात, मी कॉलेजात.

"पाच वाजेपर्यंत चिमणी बैठकीवर दिसली, तर मी एक शब्द विचारणार नाही. नाही दिसली, तर मला पोलिसांना तुमचं नाव द्यावं लागेल."

आत्याने फोन केला. ताईला. आणि तिथेच चोराचे ग्रह फिरले!

२

ताई म्हणजे आत्याची मुलगी. एका सॉफ्टवेअर कंपनीत चाचणीचं काम करते. म्हणजे बाकीचे प्रोग्राम बनवतात आणि ही मोडून दाखवते. ऑफिसात तिला सगळे 'मोडतोड' म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमान आहे.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या खोलीत स्टुलावर बसलेली, गाल सुजलेला, डोळे लाल. आम्हाला बघून म्हणाली, "काल निघायच्या आधी तुरा बसवला गं तिला. लाल. इतकी वर्षं बोडकी होती. डिंक वाळायला ठेवला आणि गेले. म्हटलं, आज एकदम सगळ्यांना दाखवू. साहेबांनासुद्धा सांगितलं नव्हतं."

"आई, रड नंतर," ताई म्हणाली. ती अशीच आहे. "चिमणी कशीही उचलली तरी चालते का?"

"छे! तिची खिटी सैल आहे. थोडी जरी चावी शिल्लक असली आणि धक्का बसला, की चिवचिवते. म्हणून तर मी कोणाला हात लावू देत नाही."

"शिल्लक होती?"

"अर्धी."

ताईने मान हलवली आणि सरळ दाराकडे गेली. दाराला हँडलच्या वर एक कार्ड लावायची खाच आणि बोटभर लांबीची काच, तीत अक्षरं उमटतात. बस. कोण आलं, कधी आलं, काही नोंदवत नाही. ते नोंदवणारं महाग होतं म्हणून साहेबांनी साधं घेतलं होतं.

गेटवरचे मामा मागे येऊन उभे राहिले. आत्यावर त्यांचा फार जीव. म्हणाले, "पोरी, हे दार आहे ना, एक नंबरचं लहरी आहे."

"लहरी म्हणजे?"

"बाहेरचं कोणी या खोलीत येणार असलं, की मी त्याला एका दिवसाचं कार्ड करून देतो. कॉम्प्युटरवर त्या दिवसाची तारीख टाकायची, कार्ड तयार. वर्षभरात तिघंच आले. काचेची पेटी करणारा आला एकोणीस ऑगस्टला, दार झटक्यात उघडलं. गाण्याच्या मॅडम आल्या तीन ऑगस्टला, तर दार म्हणतं 'उशिरा आलात!' आणि फोटोवाला आला दहा जूनला, त्याला म्हणतं 'लवकर आलात!' आता मला सांग, तिघंही आपापल्या तारखेलाच आले होते. मग उशीर कसला आणि लवकर कसलं? शेवटी मीच माझ्या कार्डाने उघडून दिलं."

मी हसले. ताई नाही हसली. ती त्या काचेकडे असं बघत होती, जसं मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "त्या न चाललेल्या कार्डांचं काय केलंत?"

"काय करणार? बाद झालेलं कार्ड. म्हटलं ठेवा नाहीतर टाका."

३

गाण्याच्या मॅडम सभागृहात होत्या. संध्याकाळी चिमणीच्या सुरावर त्या दोन शब्द बोलणार होत्या. ताईने कार्डाबद्दल विचारलं, तर त्यांनी पुस्तक उघडलं आणि कार्ड काढून दाखवलं. पानांमध्ये खूण म्हणून वापरत होत्या!

"मला उशिरा आलात म्हणणारं ते पहिलंच दार," त्या म्हणाल्या. "एरवी नवरा म्हणतो. आणि हे बघ, तुझ्या आईने ते केलं नाही. पहिला सूर लागला तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. असं माणूस स्वतःचं लेकरू चोरतं का?"

मला तर तिथेच रडू येणार होतं. पण ताई पुढे गेली, कारण कोपऱ्यात फोटोवाला दिवे लावत होता. कालपासूनच त्याच्या पेट्या, छत्र्या, तिपाया सभागृहात पडल्या होत्या. माणूस एकदम गोड हो! आल्या आल्या आमचा फोटो काढला. "असा उजेड पडलाय ना तुमच्यावर!" वगैरे.

मी तर विरघळलेच. जरा कॅमेरा बघू का म्हटलं, तर लगेच हातात दिला. फोटोवर कोपऱ्यात तारीख होती, पण भलतीच. मी म्हटलं, "अहो, आज सात ऑक्टोबर. इथे तर दहा जुलै दिसतंय."

तो खो खो हसला. "सगळे फसतात! परदेशी बनावटीचा आहे तो. तिकडे महिना आधी, दिवस मागून. दहा म्हणजे ऑक्टोबर, सात म्हणजे तारीख. एका लग्नवाल्याने तर माझ्याशी भांडण केलं, म्हणाला लग्नाआधीचेच फोटो कसे काय दिलेत!"

आम्ही पण हसलो.

"तुमचं जूनमधलं कार्ड?" ताईने विचारलं.

"ते होय! तेव्हाच कचऱ्यात टाकलं." मग त्याने उसासा सोडला. "फार वाईट झालं हो. तुमच्या आईंची एवढी मेहनत! मी तर आज त्या लाल तुऱ्यावर खास दिवा लावणार होतो. असो. नशीब."

"हो ना," ताई म्हणाली. "नशीबच."

बाहेर आलो आणि ताईने माझा दंड असा दाबला की अजून निळा आहे. बघा!

"चोर सापडला," ती म्हणाली. "आता फक्त तो बंद दारातून आत कसा गेला, एवढंच बाकी आहे."

"एवढंच?" मी म्हटलं. "अगं, तेच तर सगळं आहे!"

४

ताईने कुलूपवाल्याला बोलावलं. म्हणजे ज्याने त्या दाराचा प्रोग्राम बसवला तो. तो आला तेव्हा साहेब पण आले, हाताची घडी घालून. चार वाजायला आले होते. सभागृहात माईकची खरखर सुरू झालेली.

कुलूपवाला आधीच तापलेला. "माझा प्रोग्राम चोख आहे. तपासून दिलाय मी."

"कसा तपासलात?" ताईने विचारलं.

"म्हणजे? दाराच्या घड्याळात एक तारीख लावली, त्याच तारखेचं कार्ड केलं, दार उघडलं. घड्याळ एक दिवस पुढे नेलं, दार म्हणालं 'उशिरा आलात'. एक दिवस मागे नेलं, म्हणालं 'लवकर आलात'. ते संदेश मीच लिहिलेत," तो जरा लाजून म्हणाला. "म्हटलं, जरा गंमत."

"गंमत आहेच. तारीख कुठली लावली होतीत?"

"सात जुलै."

"सातव्या महिन्याची सात. का?"

"लेकीचा वाढदिवस आहे. मी कुठलाही प्रोग्राम तपासताना तोच टाकतो. लाभतो मला."

आणि ताई हसली! त्या दिवसातलं पहिलं हसू. मला म्हणाली, "कळलं?" मी म्हटलं नाही. साहेबांना म्हणाली, "कळलं?" साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण कुलूपवाला... त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडायला लागला.

"नाही," तो पुटपुटला. "नाही, नाही, नाही..."

"हो," ताई म्हणाली. "मामा, एक कार्ड करा. आजचं. सात ऑक्टोबर."

५

मामांनी कार्ड केलं. ताईने ते खाचेत सरकवलं. आम्ही सगळे माना उंच करून बघतोय.

उशिरा आलात!

"आजचं कार्ड, आजचा दिवस, आणि उशीर?" साहेब म्हणाले.

"आता दुसरं करा मामा. दहा जुलैचं."

"अगं, दहा जुलै कधीच होऊन गेला!" मामा म्हणाले.

"करा तर!"

मामा कार्ड करून आले. खाचेत सरकवलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग टक! दार उघडलं. आपोआप, पाहुण्यासाठी उघडावं तसं. आत्या आत स्टुलावर बसली होती, ती दचकून उभीच राहिली.

मी ओरडले. खरंच सांगते, संग्रहालय आहे हे विसरून ओरडले.

"साहेब," ताई म्हणाली, "मामांचा कॉम्प्युटर कार्डावर तारीख लिहितो आपल्यासारखी, आधी दिवस, मग महिना. नुसते आकडे. पण दारातला तारीख वाचणारा भाग परदेशातून आलाय. तो वाचताना आधी महिना वाचतो, मग दिवस. मामांनी दहा-सात लिहिलं, दाराने वाचलं दहाव्या महिन्याची सात. म्हणजे आज!"

"मग काचवाल्याचं कसं चाललं?" मामांनी विचारलं.

"एकोणीस ऑगस्ट. आता एकोणिसावा महिना असतो का? दार गोंधळलं, आणि मुकाट्याने आकडे उलटे करून वाचले. म्हणून बारा तारखेनंतर सगळं सुरळीत, आणि त्याच्या आधी सगळा घोळ. आणि सातव्या महिन्याची सात?" ती कुलूपवाल्याकडे वळली. "ती कशीही वाचली तरी सातच. तुमच्या लेकीचा वाढदिवस इतका गोड आहे की त्यात चूक दिसूच शकत नाही."

कुलूपवाला भिंतीला टेकला. "मी शेजारच्या दिवसाचं एक कार्ड करून बघितलं असतं, तरी सापडली असती."

"सापडली असती. आता ऐका. मॅडम आल्या तीन ऑगस्टला. दाराने वाचलं आठ मार्च. ऑगस्टमध्ये आठ मार्च होऊन गेलेला, म्हणून 'उशिरा आलात'. त्या कार्डाला आता काडीची किंमत नाही, पुस्तकातच शोभतं. पण दहा जून..."

मी बोटांवर मोजत होते. दहा, सहा. दहावा महिना, सहा तारीख. सहा ऑक्टोबर!

"काल!" मी किंचाळले.

"काल. जूनमध्ये दाराने त्याला सांगितलंच होतं की बाबा, तू लवकर आलास. कोणी दुसरा असता तर हसून निघून गेला असता. पण ज्याच्या कॅमेऱ्यात रोज महिना आधी उमटतो, त्याला बरोबर कळलं की मग वेळेवर कधी यायचं."

साहेबांनी हाताची घडी सोडली. "पण हे झालं कसं जाता येतं ते. तो गेला हे कशावरून?"

"त्याने लाल तुऱ्यावर दिवा लावायचं ठरवलं होतं."

"बरं, मग?"

"साहेब, चिमणीला तुरा कधी बसवला, माहितीये?"

साहेब म्हणाले, "कसला तुरा?"

६

आम्ही सगळे सभागृहात गेलो, तर फोटोवाला दिवे आवरत होता! म्हणाला, चिमणीच नाही तर मी थांबून काय करू. पुढच्या रांगेतले पाहुणे यायला सुरुवात झाली होती. साहेब दारात आडवे उभे राहिले, पण त्यांना अजून खात्री नव्हती. मला दिसत होतं ना. न सापडलेल्या चिमणीसाठी भर सभागृहात कोणाच्या पेट्या उचकायच्या कशा?

"एक मिनिट," ताई मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांचं सामान बघायचंय. आपापलं उचलून इकडे आणा."

आता मला सांगा, तुम्ही फोटोवाले असता तर आधी काय उचललं असतं? कॅमेरा! तो तर खुर्चीवर उघडाच पडला होता. पण याने काय उचललं, तर बॅटऱ्यांचा एक जुना डबा. दोन्ही हातांनी. असा, तान्हं बाळ उचलावं तसा.

ताईने माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं हं, सांगितलं काहीच नाही. पण मी तिची मामेबहीण आहे. मी पाठीमागून आले आणि वायरीत पाय अडकल्यासारखी धाडकन त्याच्या कोपरावर आदळले.

"अगं ए!" तो ओरडला.

आणि डब्यातून आवाज आला.

चिव. चिव-चिव. चिवचिवचिव, आणि मग एक लांब, वर जाणारी, अशी गोड लकेर, की अख्खं सभागृह चिडीचूप! माईकवाल्याने हातातली वायर खाली ठेवली. गाण्याच्या मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हाच! हाच तो सूर!"

आत्या धावली. इतक्या जोरात मी तिला कधीच धावताना पाहिलं नव्हतं. डबा त्याच्या हातातून काढून घेतला, झाकण उघडलं, आणि चिंध्यांमध्ये गुंडाळलेली चिमणी, डोक्यावर लाल तुरा!

फोटोवाला बसकण मारून खालीच बसला. एका संग्राहकाला त्याने ती कबूल केली होती म्हणे. काल सकाळी पेट्या ठेवून गेला, दुपारी तिकीट काढून गर्दीतून परत आत आला, खोलीतून चिमणी उचलली, आणि गेटवर पिशव्या तपासतात म्हणून डब्यात लपवून इथेच ठेवली. कार्यक्रमानंतर फोटोवाल्याच्या पेट्या कोण बघतो?

मामांनी त्याच्या जॅकेटच्या खिशातून दहा जूनचं कार्ड काढलं. म्हणे कचऱ्यात टाकलं होतं! मामांना राहवलं नाही. त्याचा दंड धरून त्याला आत्याच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं आणि त्याच्यासमोर ते कार्ड खाचेत सरकवलं. सहा ऑक्टोबर काल होऊन गेलेला ना?

उशिरा आलात!

मामा इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली.

७

पाच वाजता आत्या मंचावर गेली. सुजलेल्या गालासह. तिने काही भाषणबिषण केलं नाही, फक्त चावी दिली. तीन वेढे. कितीतरी वर्षं मुकी असलेली चिमणी मान वळवून, तुरा हलवून गायली, आणि टाळ्या थांबेचनात. लोकांनी पुन्हा गायला लावली. तिसऱ्यांदा गायला लावली! मी आणि ताई मागे उभ्या होतो, आणि मोडतोड म्हणवणारी आमची ताई माझ्या ओढणीला नाक पुसत होती.

कुलूपवाला कार्यक्रमाला आलाच नाही. तो दारापाशी जमिनीवर बसून प्रोग्राम दुरुस्त करत होता. आता कार्डावर आधी वर्ष लिहितात, मग महिना, मग दिवस, आणि दारही तसंच वाचतं. मोठ्यापासून छोट्यापर्यंत, भांडणच नाही. ताईने त्याला विचारलं, "आता कुठल्या तारखेने तपासणार?" तर म्हणाला, "बायकोच्या वाढदिवसाने. एकतीस डिसेंबर."

"आणि?"

"आणि सासूबाईंच्या. एक फेब्रुवारी. आणि तुम्ही म्हणाल त्या सगळ्या."

मग शेवटी, लोक पांगल्यावर, साहेब आले. आत्या खोलीत चिमणीला बैठकीवर बसवत होती. साहेब उंबऱ्यातच थांबले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई," ते म्हणाले, "सकाळी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. इतकी वर्षं तुमचं काम बघतोय. मी तुमची माफी मागायला आलोय."

आत्याने चिमटा खाली ठेवला. चिमणीचा तुरा बोटाने सरळ केला. आणि दाराच्या त्या बोटभर काचेकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली,

"उशिरा आलात, साहेब."

मग स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, "पण या. बसा. तुमच्यासाठी अजून एकदा गाईल ती."